तापीच्या वरच्या अंगाचा लेखक

भालचंद्र नेमाडे हे नाव आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते एखाद्या वादातून. कुणी सलमान रश्दींचं ट्विट वाचलं असेल, कुणी इंग्रजी शाळा बंद करा हे विधान ऐकलं असेल, तर कुणाला २०२३ मधली औरंगजेबावरून उठलेली राळ आठवत असेल. त्या वेळी आमच्या चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस तुंबळ युद्ध झालं. एकाने नेमाड्यांना देशद्रोही ठरवलं, दुसऱ्याने महात्मा. शेवटी अमळनेरच्या काकांनी एकच प्रश्न टाकला, "तुमच्यापैकी कोणी 'कोसला' वाचली आहे का रे?" सत्तावीस जणांच्या ग्रुपमधून दोन हात वर आले.

हा लेख त्या उरलेल्या पंचवीस जणांसाठी आहे, आणि आपल्या मंडळातल्या त्यांच्यासारख्याच सगळ्यांसाठी. नेमाडे कोण, त्यांनी काय लिहिलं, त्यांचे वाद कशावरून झाले आणि त्यांत आपलं काय अडकलं आहे, हे एकत्र मांडायचा हा प्रयत्न.

आपलं नक्कीच काहीतरी अडकलं आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांतल्या कितीतरी घरांची मुळं जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आहेत. सुरत-भुसावळ पॅसेंजरने आपले आजोबा-पणजोबा इकडे आले. आपल्या शहरातून वाहणारी तापी त्याच खानदेशातून येते, आणि नेमाड्यांचं सांगवी हे गाव तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या पट्ट्यात, यावल तालुक्यात आहे. म्हणजे नदीच्या भाषेत बोलायचं तर ते आपल्या वरच्या अंगाचे.

सांगवी ते पुणे

नेमाड्यांचा जन्म २७ मे १९३८ चा. घर शेतकऱ्याचं, समाज लेवा पाटीदार, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचाच. हा समाज पूर्वी गुजरातेतून खानदेशात आला अशी परंपरा आहे, त्यामुळे सुरतेच्या वाचकाला ती बोली कानावर पडली तर काही शब्द ओळखीचे वाटतात. शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. पुढे डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्र आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. केलं. 'इंग्रजी साहित्य' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९६३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी गावी बसून अवघ्या दोन-तीन आठवड्यांत एक कादंबरी लिहिली. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती छापली. ती 'कोसला'.

'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातल्या बऱ्यापैकी खात्यापित्या घरचा मुलगा. पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, वादविवाद मंडळ, गॅदरिंग, मेस असल्या उचापती अंगावर घेतो, पैशांत बुडतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. मधेच त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तिच्या मृत्यूची ती पानं मराठी कादंबरीतल्या सगळ्यात जिव्हारी लागणाऱ्या पानांपैकी आहेत, असं मानणारे वाचक आजही भेटतात.

कथानक एवढंच. मग त्यात क्रांतिकारक काय होतं? तोवरची लोकप्रिय मराठी कादंबरी म्हणजे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. एकाकडे देखणे नायक-नायिका आणि रेखीव प्रेमप्रकरणं, दुसऱ्याकडे ध्येयवाद आणि अलंकारिक वाक्यं. नेमाड्यांनी दोन्ही सोडून दिलं. पांडुरंग मित्राशी गप्पा माराव्यात तसा बोलतो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तो नको तिथे पेरतो, आणि त्या पेरण्यातूनच मोठमोठ्या गोष्टींची टर उडते. तो कोणताही आदर्श घडवत नाही. हरतो, आणि आपण हरलो हे स्वच्छ सांगतो. होस्टेलवर राहिलेल्या कोणालाही हे आज वाचताना जुनं वाटणार नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात निम्मे तरी पांडुरंग सांगवीकर होते.

वाद इथूनच सुरू झाले. ही कसली भाषा, हा कसला नायक, हे तर निव्वळ नैराश्य, असं काही जणांना वाटलं. काहींना त्यात अमेरिकन लेखक सॅलिंजर यांच्या १९५१ मधल्या 'द कॅचर इन द राय'ची छाया दिसली. पुढे आयुष्यभर देशीपणाचा आग्रह धरणाऱ्या लेखकाच्या पहिल्याच पुस्तकाला परदेशी पुस्तकाशी जोडलं जावं, हा गमतीचा भाग. पण 'कोसला' ज्याने खरोखर वाचली आहे त्याला कळतं, की तिच्यातला खेड्यातला बाप, वाडा, देवधर्म, शेतीचा हिशेब आणि बहिणीचं मरण न्यूयॉर्कहून आणता येत नाही.

बिढार पाठीवर

साठच्या दशकात मुंबई-पुण्यात लघुनियतकालिकांची चळवळ जोरात होती. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी प्रस्थापित मासिकांना वैतागून स्वतःची छोटी नियतकालिकं काढत होती. नेमाडेही त्यांतलेच. त्यांनी 'वाचा' नावाचं नियतकालिक चालवलं. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा त्यांचा लेख खूप गाजला. लेखक एकदा नावारूपाला आला की सत्कार, भाषणं, अध्यक्षपदं यांत अडकतो आणि त्याचं लिहिणं संपतं, हा त्याचा गाभा. 'लेखकराव' हा शब्द तेव्हापासून मराठीत चिकटला तो चिकटलाच.

पोटासाठी त्यांनी प्राध्यापकी केली. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत इंग्रजी शिकवलं, लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये काही काळ काढला, गोवा विद्यापीठात राहिले आणि शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर काम केलं. या भटकंतीचं पीक म्हणजे चांगदेव पाटील या नायकाच्या चार कादंबऱ्या: 'बिढार' आणि 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९).

चांगदेव हा इंग्रजीचा प्राध्यापक. एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात तो बिढार हलवत राहतो. प्रत्येक ठिकाणी संस्थाचालकांची मनमानी, जातींचे गट, प्राध्यापकांची एकमेकांवर कुरघोडी, खोल्या भाड्याने मिळवण्याची मारामार. नोकरीपायी गाव सोडलेल्या माणसाला कुठेही घर मिळत नाही, ही त्या चारही पुस्तकांची ठसठस आहे. सुरतेत तीन पिढ्या काढूनही आपल्याला "मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न विचारला जातो, आणि गावी गेलो की "सुरतवाले आले" म्हणतात. चांगदेव आपल्याला परका वाटू नये.

'चांगदेव' या नावातही खानदेश आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, तिथे चांगदेवाचं प्राचीन देऊळ आहे. त्या संगमावरून पुढे निघालेलं पाणी उकाई धरणातून आपल्या नळाला येतं.

देशीवाद म्हणजे नेमकं काय

नेमाडे फक्त कादंबरीकार नाहीत. त्यांचे 'मेलडी' (१९७०) आणि 'देखणी' (१९९१) हे कवितासंग्रह आहेत, तुकारामांवर साहित्य अकादमीसाठी लिहिलेलं छोटं इंग्रजी पुस्तक आहे, आणि 'टीकास्वयंवर' हा समीक्षेचा ग्रंथ आहे. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना याच समीक्षाग्रंथासाठी मिळाला.

त्यांच्या समीक्षेतला सगळ्यात चर्चेचा शब्द म्हणजे 'देशीवाद'. हा शब्द ऐकला की अनेकांना वाटतं, परदेशी सगळं वाईट आणि आपलं सगळं चांगलं. ते तसं नाही. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सॉफ्टवेअरमध्ये 'लोकलायझेशन' नावाचं काम असतं. प्रॉडक्ट कॅलिफोर्नियात बनतं, तिथल्या माणसाच्या सवयी धरून. मग आम्ही त्यातले इंग्रजी शब्द काढून हिंदी, मराठी, गुजराती शब्द बसवतो. बटणावर 'जतन करा' असं येतं, पण आतली रचना तीच राहते. पत्त्याच्या फॉर्ममध्ये 'झिप कोड' सक्तीचा असतो आणि 'पाण्याच्या टाकीसमोर' लिहायला जागा नसते.

नेमाड्यांचं म्हणणं असं, की आपलं बरंचसं आधुनिक साहित्य हे असं लोकलायझेशन आहे. साचा पश्चिमेचा, शब्द मराठी. त्यांना साहित्य इथल्या जमिनीवरून, इथल्या माणसांच्या गरजेतून उभं राहिलेलं हवं आहे. बाहेरचं घ्यायला त्यांची हरकत नाही, पण ते आपल्या पोटाने पचवून घ्यावं. ज्या परंपरेच्या आधारावर ते हे सांगतात ती म्हणजे महानुभाव आणि वारकरी.

इथे सुरतकरांसाठी एक मोठा नजराणा आहे. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचलेला. त्यात ज्यांच्या आठवणी आहेत ते चक्रधर स्वामी महानुभाव परंपरेनुसार मूळचे भडोचचे, म्हणजे आपल्यापासून सत्तर-एक किलोमीटरवरचे. गुजरातेतून गेलेल्या माणसाने महाराष्ट्रात फिरून सामान्य लोकांशी त्यांच्या मराठीत संवाद केला, आणि त्यातून मराठी गद्य उभं राहिलं. देशी असणं म्हणजे जन्माने तिथलं असणं नव्हे, याचा याहून चांगला पुरावा काय द्यायचा?

देशीवादावर आक्षेपही गंभीर आहेत. 'देशी' कोण ठरवणार? गावगाड्यात जात होती, बाईला जागा नव्हती, तेही देशीच का? अशा विचारातून पुढे संकुचितपणा वाढेल, ही भीती अनेक समीक्षकांनी बोलून दाखवली. दलित लेखकांना गावाकडे परत जाण्याचं आकर्षण का वाटावं, हा प्रश्न तर टाळता येण्यासारखाच नाही. दुसरीकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९२ च्या 'आफ्टर अॅम्नेशिया' या पुस्तकात, आपण आपल्याच भाषांमधली परंपरा विसरलो आहोत, हा जवळचा विचार वेगळ्या वाटेने मांडला. पुढे त्यांनी तेजगढला आदिवासी भाषांसाठी काम उभं केलं. म्हणजे हा विचार फक्त वाद घालण्यापुरता नाही, त्यातून कामही निघतं.

एकतीस वर्षांनी 'हिंदू'

'झूल' १९७९ ची. त्यानंतरची कादंबरी आली २०१० मध्ये, 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'. प्रकाशक मुंबईचं पॉप्युलर प्रकाशन, पानं सहाशेच्या घरात. मध्ये एकतीस वर्षं गेली. आमच्या क्षेत्रात एवढ्या वेळात दहा तंत्रज्ञानं जन्मून मरतात.

नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक. मोहेंजोदडोला उत्खननाच्या कामावर असताना वडील आजारी असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या आपल्या मोरगावला परततो. त्या प्रवासात आणि घरी पोचल्यावर त्याच्या डोक्यात शेकडो वर्षांचे थर उकलत जातात: शेती, जाती, बायकांची दुःखं, भटके, फकीर, वारकरी, भाऊबंदकी. जमीन खणावी तसा तो स्वतःचं घर खणतो.

वाद नावापासूनच झाला. काहींना 'हिंदू' शब्दामुळे ही कादंबरी एका राजकीय बाजूची वाटली, तर काहींना 'अडगळ' शब्दामुळे ती हिंदूंचा अपमान वाटली. दोन्ही बाजूंचे अनेक जण मुखपृष्ठावरच थांबले होते. नेमाड्यांच्या लेखी 'हिंदू' म्हणजे सिंधूच्या काठापासून जमा होत आलेलं, एकमेकांत मिसळलेलं, कुणालाही पूर्ण बाहेर न टाकणारं जगणं. आजीच्या माळ्यावर जशा गंजलेल्या कढया आणि पितळेचे हंडे एकत्र पडलेले असतात, तसं. फेकवत नाही आणि सगळं वापरातही नाही.

दुसरा वाद जास्त टोकदार होता. कादंबरीतल्या लमाण समाजातल्या स्त्रियांविषयीच्या मजकुरावर बंजारा समाजातून तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. कादंबरीतलं पात्र जे बोलतं ते लेखकाचं मत नसतं, हा बचाव साहित्यात ग्राह्य आहे आणि मलाही पटतो. पण ज्या समाजावर इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याला छापील शब्द जास्त लागतो, हेही समजून घ्यायला हवं. चर्चा, टीका, उत्तरादाखल दुसरं पुस्तक, हे मार्ग पोलीस ठाण्यापेक्षा बरे. आनंद यादवांच्या 'संतसूर्य तुकाराम'वरून २००९ मध्ये काय झालं, आठवून पाहा. पुस्तक मागे घ्यावं लागलं, महाबळेश्वरच्या संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना सोडावं लागलं. त्या प्रकरणातून तुकारामांविषयी आपल्याला नवीन काय कळलं? काहीच नाही.

ज्ञानपीठ आणि रश्दी

२०११ मध्ये पद्मश्री आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्ञानपीठ (२०१४ सालासाठीचं) जाहीर झालं. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळवणारे ते चौथे मराठी साहित्यिक. एप्रिलमध्ये दिल्लीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांना तो पुरस्कार देण्यात आला.

पण पुरस्काराच्या बातमीपेक्षा मोठी झाली ती रश्दींची बातमी. नेमाड्यांनी त्याच सुमारास मुंबईतल्या एका कार्यक्रमात सलमान रश्दी आणि व्ही. एस. नायपॉल हे पाश्चात्त्यांना रुचेल असं लिहितात, अशी टीका केली. रश्दींनी ट्विटरवर नेमाड्यांना शिवी हासडली, गुमान बक्षीस घ्या आणि आभार माना असं सुनावलं, आणि तुम्ही माझं काही वाचलं तरी आहे का, असा टोला मारला. एरवी मराठी साहित्याकडे न बघणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेव्हा 'हू इज नेमाडे' छापाच्या बातम्या केल्या.

यात दोघांचंही थोडं चुकलं असं मला वाटतं. रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'ने भारतीय माणसाच्या इंग्रजीला स्वतःचा आवाज दिला, ते एका वाक्यात उडवून लावण्यासारखं नाही. आणि रश्दींना मराठी येत नसेल तर नेमाड्यांना वाचायची सोयही त्यांच्याकडे फारशी नव्हती. इंग्रजीतला लेखक जगभर वाचला जातो आणि मराठीतल्या लेखकाला मात्र आधी स्वतःची ओळख करून द्यावी लागते. नेमाड्यांचा राग या असमान तराजूवरचा आहे. तो राग व्यक्तींवर काढला की मुद्दा हरवतो.

आपल्याकडे दुसऱ्या बाजूचंही उदाहरण आहे. किरण नगरकरांनी 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) ही अफलातून मराठी कादंबरी लिहिली, पुढे ते इंग्रजीकडे वळले आणि मराठीतल्या काही लोकांनी त्यांच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. त्यांच्या 'ककोल्ड'ला साहित्य अकादमी मिळाली ती इंग्रजीसाठी. भाषा बदलली म्हणून लेखक परका होत नाही.

शाळेचा प्रश्न

आता तो वाद, जो थेट आपल्या घरात घुसतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळा बंद करायला हव्यात, असं नेमाडे जाहीरपणे म्हणाले. लगेच प्रश्न आला, तुम्ही स्वतः आयुष्यभर इंग्रजी शिकवून पगार घेतलात, त्याचं काय? त्यांची भूमिका अशी, की इंग्रजी भाषा म्हणून शिकायला हरकत नाही, पण मुलाला सगळे विषय परक्या भाषेतून शिकवणं म्हणजे त्याची मुळंच उपटणं.

गुजरातेत हा विचार नवा नाही. गांधीजींनी 'हिंद स्वराज' १९०९ मध्ये गुजरातीत लिहिलं आणि मातृभाषेतल्या शिक्षणाचा आग्रह जन्मभर धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. नेमाड्यांचा सूर कर्कश असेल, मुद्दा एकट्याचा नाही.

पण सुरतेत 'मातृभाषेतून' म्हणजे काय? महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा इथे आहेत. अनेक मोठी माणसं त्यांत शिकून पुढे गेली. मात्र वरच्या वर्गांत पर्याय आटत जातात. पुढच्या जूनमध्ये आमच्या मुलीला शाळेत घालायचं आहे. घरात रोज यावर बोलणं होतं. आईचं म्हणणं, गुजराती शाळेत घाला, ज्या गावात राहायचं त्या गावची भाषा आली पाहिजे. बायको म्हणते, इंग्रजी, कारण तू स्वतः कोणत्या भाषेत कमावतोस ते बघ. आम्ही बहुधा इंग्रजी शाळाच घेऊ. बंदीचा विचार मला मान्य नाही. गरिबाच्या मुलाला इंग्रजीची शिडी नाकारणं आणि श्रीमंताच्या मुलाने परदेशी निघून जाणं, हे न्यायाचं नाही.

तरीही नेमाड्यांच्या त्या विधानाने एक काम केलं. इंग्रजी शाळेची किंमत फक्त फीच्या पावतीवर लिहिलेली नसते, हे कळलं. मुलगी आजीशी कोणत्या भाषेत भांडणार, रडणार, गोष्ट सांगणार, हे आता ठरवून करायला लागेल. आपोआप होणार नाही. म्हणून रोज रात्री अर्धा तास मराठी वाचन, आणि आजीने तिच्याशी फक्त अहिराणीत बोलायचं, असं आम्ही ठरवलं आहे. नेमाडे म्हणतील, एवढ्याने काही होत नाही. त्यांचं बरोबरही असेल. उत्तर दहा वर्षांनी मिळेल.

संमेलन: इथे मी त्यांच्या विरोधात

साहित्य संमेलन हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी टीका नेमाड्यांनी केली आणि ते स्वतः कधी संमेलनाध्यक्ष झाले नाहीत. 'लेखकराव' लेखापासूनची ही सुसंगत भूमिका आहे, तिच्याबद्दल आदर आहे. मंडपावरचा खर्च, मानापमान आणि राजकारण्यांची गर्दी पाहिली की त्यात तथ्यही दिसतं.

पण मुंबई-पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला एकत्र जमायला निमित्त लागतं. बडोद्याला १९०९ मध्येच सयाजीरावांच्या राज्यात संमेलन भरलं होतं, आणि तिथलं मराठी वातावरण अशा जमण्यातूनच टिकलं. आपल्या मंडळाचा गणपती, कोजागिरी, वाचनकट्टा हेही कुणाला रिकामपणचे उद्योग वाटतील. आपली मुलं वर्षातून ज्या चार-पाच वेळा घराबाहेर मराठी ऐकतात, त्या याच जागा.

वादाचं काय करायचं

सुरतेला भांडखोर लेखक नवा नाही. कवी नर्मद (१८३३-१८८६) इथलेच. 'दांडियो' या त्यांच्या पत्रातून त्यांनी ढोंगी महाराज, रूढी, विधवांचे हाल यांवर कोरडे ओढले, शत्रू केले, कर्ज केलं, आणि उतारवयात स्वतःची काही मतंही बदलली. आज त्यांचं घर जपलेलं आहे आणि विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांचं प्रत्येक मत आपण मानतो म्हणून हा मान दिलेला नाही. ते नसते तर गुजराती भाषा आज जशी आहे तशी नसती, म्हणून दिला आहे.

नेमाड्यांच्या बाबतीत मी तीन कप्पे करतो. पहिला कप्पा साहित्याविषयीच्या मतांचा. त्यांवर भांडावं, मजा येते. दुसरा भाषा आणि शिक्षणाचा. त्यावर आपापल्या घरापुरतं तरी उत्तर काढावं. तिसरा इतिहासाविषयीच्या विधानांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये औरंगजेब आणि काशीच्या देवळाबद्दल ते जे बोलले त्यावरून राजकीय पक्ष तुटून पडले आणि पुरावा काय, असं विचारलं गेलं. हा प्रश्न रास्त होता. कादंबरीकाराला कल्पनेची मोकळीक असते, इतिहासाच्या दाव्याला मात्र पुरावाच लागतो, मग बोलणारा ज्ञानपीठवाला का असेना. पण त्या एका भाषणावरून साठ वर्षांचं लेखन रद्दीत घालणं म्हणजे एका बगसाठी सगळं सॉफ्टवेअर पुसून टाकण्यासारखं आहे.

कुठून सुरुवात करावी

पहिली 'कोसला'. तीनशे-साडेतीनशे पानं आहेत, भाषा बोलण्यातली आहे. पहिली पन्नास पानं नेटाने वाचा, मग पांडुरंग तुम्हाला ओढत नेईल. मराठी वाचायचा सराव कमी असेल तर आणखी एक सोय आहे. ही कादंबरी गुजरातीत 'कोशेटो' नावाने आली आहे, हिंदीत आणि इंग्रजीतही ('ककून') आहे. शेजारच्या गुजराती मित्राला भेट द्यायला यापेक्षा चांगलं मराठी पुस्तक नाही.

मग 'बिढार'. नोकरीसाठी गाव सोडलेल्या प्रत्येकाने वाचावी. आवडली तर पुढच्या तिन्ही. 'हिंदू' घाईत वाचू नका. घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसून वाचा, कारण त्यातले शेतीचे, नात्यांचे, भांड्यांचे, शिव्यांचे कितीतरी शब्द शब्दकोशात शोधण्यापेक्षा आजीला विचारणं सोपं जातं. आमच्याकडे असा एकेक शब्द विचारला की त्यामागून एक गोष्ट निघते, आणि पुस्तक तासभर बाजूला पडतं. मला नाही वाटत लेखकाची त्याला हरकत असेल.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर नेमाड्यांची एखादी क्लिप आली, की फॉरवर्ड करण्याआधी अमळनेरच्या काकांचा प्रश्न स्वतःलाच विचारा. उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त भांडा.